बत्तीशीनं धरलेला दात

लॅबमध्ये तिला सगळे बत्तीशी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. मागून काही बोललेलं तिला कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं, आणि मग बोलणाऱ्याची धडगत नसायची. तेव्हा जे काय म्हणायचं ते समोर म्हणून मोकळं व्हावं, हे तिथली माणसं पहिल्याच आठवड्यात शिकायची.

लॅब म्हणजे दातांची. गावातले दातांचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायचे आणि इथे पाठवायचे. मापातून प्लास्टरचा साचा निघायचा, साच्यावर मेण चढायचं, मेणात एकेक दात बसायचा आणि शेवटी कवळी तयार होऊन परत जायची. जागा दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत प्लास्टरची धूळ, उकळत्या पाण्याची वाफ आणि पॉलिशच्या चाकाची किरकिर. आतल्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाचे चाकू, आणि टेबलाशी बत्तीशी. मेणात दात बसवायचं काम तिचं. दुसऱ्या कुणी तिच्या खुर्चीवर नुसतं बूड टेकलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची, असं मालक म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी कात्रीची धार काही बोथट झाली नव्हती.

आता, जिचा सगळा जन्म दुसऱ्यांचे दात बसवण्यात गेला, तिचा स्वतःचाही एक दात होता. म्हणजे थोरल्या बहिणीवर दात होता. आणि गंमत बघा, तोंडातला जो दात या वैराच्या मुळाशी होता, तोच नेमका खोटा होता. वरचा, पुढचा, उजवीकडचा.

शाळेत असताना दोघी बहिणींची आरशावरून जुंपली होती. घरात आरसा एकच, जिन्याजवळच्या भिंतीवर. ताईला वेणी घालायची होती, हिला भांग पाडायचा होता. ताईनं ढकललं, ही कठड्यावर तोंडावर आपटली आणि दात गेला घरंगळत खालच्या पायरीवर. आई धावत आली तेव्हा ताई म्हणाली, "पळत होती, पडली." झालं! ताई म्हणजे घरातली शहाणी, ताई खोटं बोलत नाही हे सगळ्यांना तोंडपाठ. धाकटी रक्ताळलेल्या तोंडानं "हिनं ढकललं, हिनं ढकललं" ओरडत राहिली, तर आईनं तिच्याच पाठीत धपाटा घातला. एक तर पडायचं आणि वर बहिणीवर आळ घ्यायचा, म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं तर आपण विसरून गेलो असतो, असं बत्तीशी म्हणायची. कसली विसरते! पण म्हणायची. पुढे तिला बघायला मंडळी आली. पसंती झाली, चहा झाला, बोलणी अगदी जमत आली. आणि ताई, तोवर लग्न होऊन चार माणसांत मान मिळवून बसलेली ताई, बशी खाली ठेवत म्हणाली, "एक सांगून टाकते हं, नंतर आमच्यावर बोल नको. हिचा पुढचा दात खोटा आहे. लहानपणी पळताना पडली." मुलाची आई गोड हसली, घरी गेली आणि निरोप धाडला की दात खोटा निघाला, आणखी काय काय खोटं निघेल कुणास ठाऊक.

मुलगा गेल्याचं बत्तीशीला दुःख नव्हतं. तो तसाही बावळटच होता. तिला जाळत राहिलं ते 'पळताना पडली'. त्या दिवसापासून तिनं ताईला ताई म्हणणं टाकलं. भेट व्हायचीच, नातेवाइकांत कुणाचं बरंवाईट झालं की तोंड दाखवावं लागतंच. पण समोर आली की ही म्हणायची, "काय, कशा आहात? बसा ना." सख्ख्या थोरल्या बहिणीला अहोजाहो! परक्या बाईला सरकून जागा द्यावी तशी द्यायची. शिवी दिली असती तर ताईला उलट बोलता आलं असतं. 'बसा ना' ला काय बोलणार? ताईचा चेहरा पडायचा आणि बत्तीशीच्या पोटात गार पडायचं.

तिला हवं होतं एकच वाक्य. मीच ढकललं. चारचौघांत, मोठ्यानं, स्पष्ट. पाया पडणं नको, रडणं नको, नुसतं तेवढं वाक्य. आई गेली, वडील गेले, ज्यांच्यासमोर ते बोलायचं ती माणसं एकेक करून संपत आली, आणि ताई ढिम्म बोलत नव्हती.

ताईला एकच मुलगी. ही भाची कशी कोण जाणे, मावशीच्या वळणावर गेली होती. कॉलेजात असल्यापासून आईच्या नकळत मावशीकडे यायची, पलंगावर पसरायची आणि तिखट बोलणं ऐकून खिदळायची. तिनंच एका दुपारी मावशीला पहिला कोरियन सिनेमा दाखवला. त्यात एक बाई वर्षानुवर्षं दम खाऊन बसते आणि मग ज्यांनी तिचं वाटोळं केलं त्यांना एकेकाला गाठते. बत्तीशीनं सिनेमा संपल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यांच्यात कुणी 'जाऊ दे गं, झालं गेलं विसरून जा' असं म्हणत नाही का?"

"म्हणतात ना. त्यांचाच नंबर आधी लागतो," भाची म्हणाली.

"अस्सं! मग दुसरा लाव."

तेव्हापासून मावशी-भाचीला वेडच लागलं. सुडाचा एकही कोरियन सिनेमा त्यांनी सोडला नाही. भाची पठ्ठी ती भाषाही थोडीफार शिकली. तिनंच मावशीला फोनवर त्या सिनेमांच्या वेड्यांच्या एका गटात घुसवलं. नाव सूडमंडळ. मंडळात कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, टोपणनावांवरच कारभार. बत्तीशीनं तिथेही बत्तीशीच नाव घेतलं आणि महिन्याभरात मंडळ तिला वचकून राहायला लागलं.

आणि मग बातमी आली. ज्या दिग्दर्शकाला मंडळात सगळे प्रेमानं 'म्हातारा' म्हणायचे, तो बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुडाचा सिनेमा करत होता. नाव 'मागचं दार'. गोष्ट एवढीच बाहेर आली होती की एक बाई ज्या घरातून हाकलली गेली त्या घराच्या मागच्या दाराशी खाणावळ काढते आणि वाट बघते. बस्स. एवढ्याशा बातमीवर मंडळानं दोन वर्षं रवंथ केलं. पोस्टर आलं, तर त्यातल्या दाराची कडी आतून आहे की बाहेरून यावर रात्रंदिवस भांडणं. तारीख ठरली, पुढे गेली. पुन्हा ठरली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा पुढे गेली तेव्हा बत्तीशीनं त्या दिवशी लॅबमध्ये कुणाला धड बोलू दिलं नाही. पॉलिशवाला डबा उघडता उघडता म्हणाला, "बाई, त्या सिनेमातल्या बाईनं एकदाचा उरकून घ्यायला हवा सूड. तोवर मरण आमचं आहे."

"तुझे दात मी फुकटात करून देईन हो," बत्तीशी म्हणाली. "आधी पाडून घे फक्त. नाहीतर मीच पाडते."

शेवटी झलक आली. मिनिटभराची. बाई खाणावळीत टेबल पुसतेय. मागचं दार वाजतं. ती फडकं घडी करून ठेवते, वळते, दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हलकेच हसते आणि एकच शब्द बोलते. खाली इंग्रजीत नुसतं 'कम'. संपली झलक! मंडळात आगडोंब उसळला. कोण आहे दारात? बाई हसली का? 'कापूस' नावाची एक बया होती मंडळात, तिनं लिहिलं, "म्हातारा आता मऊ झालाय. बघा, शेवटी ती माफ करणार. हसण्यातच दिसतंय."

बत्तीशीनं हातातला मेणाचा चाकू खाली ठेवला आणि उत्तर लिहिलं. "कापूसताई, माफ करायचं असतं तर तिनं खाणावळ कशाला काढली असती, आश्रम नसता का काढला? माफ केलं तर पडद्यावर चप्पल फेकेन, आणि दुसरी तुमच्यासाठी राखून ठेवेन."

मंडळाचे उभे दोन तट पडले, माफीवाले आणि सूडवाले. बत्तीशी सूडवाल्यांची पुढारी. त्या संध्याकाळी भाची धापा टाकत घरी आली. "मावशी, त्या इंग्रजीवर जाऊ नकोस. ती 'ये' म्हणत नाहीये. 'या' म्हणतेय! कोरियनमध्ये आपल्यासारखंच असतं, मानाचं वेगळं. शत्रूला मान देऊन बोलावतेय!"

बत्तीशीनं झलक पुन्हा लावली. कानाशी धरून तो शब्द चारपाचदा ऐकला. 

"दारात तिचं घरचंच माणूस असणार," ती म्हणाली. "लिहून घे माझ्याकडून."

"कशावरून?"

"अगं, परक्याला 'या' म्हणण्यात कसला आलाय सूड? आपल्या माणसाला 'या' म्हटलं की कापतं ते. मी काय करते एवढी वर्षं?"

भाचीनं पायात चप्पल सरकवली. आपली आई आणि मावशी यांच्यात काय आहे हे तिला धड कुणी सांगितलं नव्हतं. दात, पडणं, लग्न, असं काहीबाही ऐकून होती. जाताना दारात घुटमळली आणि म्हणाली, "शुक्रवारची तिकिटं काढतेय. तीन काढू का? आई पण येते म्हणतेय."

"कोण?"

"आई. तिचे सगळे दात काढावे लागले गं, हिरड्या गेल्या होत्या. नवे येतील शुक्रवारपर्यंत. तुझ्याशेजारी बसायचंय म्हणाली."

"दात काढले म्हणतेस? बरं झालं, मला हसायची त्यांची सोय गेली." बत्तीशीच्या जिभेवर आलं ते तिनं बोलून टाकलं. पण मग विचार केला. कोंबडीच्या मानेवर सुरी बघितली तरी डोळे मिटणारी बाई ती. दोन तास बसू दे की अंधारात, माझ्याशेजारी. सूड म्हणजे काय असतो ते बघू दे. "काढ तीन," ती म्हणाली. "सांग त्यांना, अगत्यानं या म्हणावं."

पुढच्या आठवड्यात टेबलावर एक साचा आला. नेहमीसारखाच, वर नंबर आणि दातांच्या रंगाची खूण, नाव नाही. लॅबमध्ये नावं येतच नसत. बत्तीशीनं उजेडात धरला आणि तिचा हात थबकला. वरच्या साच्यात टाळूच्या बरोब्बर मधोमध हाडाचा एक टेंगळासारखा उंचवटा होता, लांबट, मधे किंचित चिरलेला. तसा उंचवटा शंभरात एखाद्याला असतो, पण मधली चीर अशी नाही. ही चीर आईच्या टाळूला होती. बत्तीशीच्या टाळूला आहे. लहानपणी ताईनंच तिला आरशासमोर तोंड उघडायला लावून दाखवली होती, "बघ, तुला पण आहे. आपली खूण आहे ही. हरवलीस तर मी तोंड उघडून तुला ओळखीन."

बत्तीशीनं साचा टेबलावर ठेवला आणि खुर्चीला पाठ टेकली. ताई! ताईचं तोंड, अख्खंच्या अख्खं, आपल्या पुढ्यात. कुणी बोलावलं नाही, चालवलं नाही, आपल्या पायांनी आलं. अगदी सिनेमात येतं तसं, मागच्या दारानं. सिनेमे बघून बघून माणसाचं डोकं कसं होतं बघा, हे इथवर कसं आलं, कुणी पाठवलं, हा साधा प्रश्न तिला पडलाच नाही. नशिबानं शत्रू दाराशी आणून सोडला, आता पुढचं आपल्या हातात, एवढंच तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

"या," ती साच्याला म्हणाली. पॉलिशवाल्यानं बाहेरून डोकावून बघितलं आणि परत चाकाकडे गेला.

पण पहिल्यांदा तिनं कामात खोट ठेवली नाही. ते तिला जमलंच नसतं. दिवा लावला, मेण गरम केलं आणि एकेक दात बसवत गेली. ताईचा डावा सुळा तरुणपणी शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता. हसली की तेवढाच आधी दिसायचा. डॉक्टरांच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण सुळा बसवताना बत्तीशीचा हात आपोआप वळला आणि सुळा तसाच बसला, जरासा चढलेला. तिनं तो सरळ करायला चाकू उचलला, आणि मग राहू दिला. चडफडली स्वतःवर. पण राहू दिला.

मेणातले दात ट्रायलला गेले, म्हणजे डॉक्टर ते तोंडात घालून बघतात, बोलायला लावतात. दुसऱ्या दिवशी परत आले. डॉक्टरांचा निरोप मालकांनी वाचून दाखवला, "उच्चार स्वच्छ, बाई खूश, पक्की करा." पक्की करायची म्हणजे मेण जाऊन त्या जागी गुलाबी प्लास्टिक येतं. एकदा ते शिजलं की बदल नाही. बत्तीशीच्या हातात ती एवढीच दुपार होती.

बाई खूश. हे दोन शब्द तिला झोंबले. म्हणजे आता ही नव्या दातांनी झोकात येणार, शेजारी बसणार, आणि पुन्हा चार माणसांत बशी ठेवता ठेवता म्हणणार, पळताना पडली! त्याच तोंडानं! आणि ते तोंड मी घडवून द्यायचं?

तिनं चाकू दिव्यावर धरला. पुढचे दोन दात सूतभर बाहेर काढले. त्यांच्यामागे, टाळूकडच्या बाजूला, मेणाचा नखाएवढा थर चढवला आणि गुळगुळीत केला. दिसायला काही नाही. पण एवढ्यानं 'स' म्हणताना वारा नको तिथून निसटतो आणि शिट्टी वाजते. साध्यासुध्या बोलण्यात वाजते, हाक मारताना वाजते. डॉक्टरांकडे गेलं तर डॉक्टर सांगणार, नव्या कवळीला होतं असं, सवय होईल. सगळ्यांनाच सांगतात. आणि ही सवय कधी होणार नव्हती. इतक्या वर्षांत लॅबमधून तिच्या हातची एक कवळी परत आली नव्हती, हे तिच्या मनात आलं. आलं आणि तिनं दिवा विझवला. कवळी बाहेरच्या खोलीत शिजायला गेली.

त्या संध्याकाळी मंडळावर नुसता उत्सव होता. दोन दिवस उरले! कापूस लिहीत होती, "माफीच होणार, बत्तीशीबाई, चप्पल घेऊन या." बत्तीशीनं लिहिलं, "सूड कसा असावा सांगू? कुणाला दिसू नये, आणि त्याला रोज ऐकू यावा." मंडळानं डोक्यावर घेतलं तिला. कुणी लिहिलं, हेच वाक्य पोस्टरवर हवं होतं.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला ती वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिली. थिएटरच्या आवारात 'मागचं दार'चं पोस्टर माणसाहून उंच लावलं होतं, पोरंपोरी त्यासमोर फोटो काढत होती. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो दिवस. तिनंही फोटो काढून मंडळावर टाकला. तेवढ्यात भाची आली, मागून ताई. ताईनं जवळ येऊन तिच्याकडे बघितलं. तोंड घट्ट मिटलेलं. मान हलवली फक्त.

"या," बत्तीशी म्हणाली. "बरं वाटलं आलात ते."

ताईनं मान फिरवली. पोस्टरकडे बघत राहिली. भाचीनं मावशीचा दंड धरला आणि तिला खाण्याच्या खिडकीकडे ओढलं.

"मावशी, आता सांगते. आईनं बजावलं होतं, दात लावून तुझ्यासमोर उभी राहीन तेव्हाच सांगायचं. तिचे दात तू केलेस!"

बत्तीशी थंड उभी राहिली. "हो?"

"हो! डॉक्टर दुसरीकडे पाठवणार होते. आई हटूनच बसली. म्हणाली, माझ्या बहिणीच्या हातचेच पाहिजेत, तिच्याकडे पाठवणार असाल तर माप घ्या, नाहीतर मी तशीच बोळकी राहीन. आणि ट्रायलच्या दिवशी, अगं, आरशात बघितलं आणि रडायलाच लागली. म्हणाली, हा सुळा बघ. माझं हसणं तिच्या लक्षात आहे."

बत्तीशीला वाटलं, कुणीतरी पुन्हा ढकललं. कठडा नव्हता, तिनं खिडकीची कड धरली.

"मग आता बोलत का नाही?"

"तेच ना! पक्के दात आले आणि शिट्टीच वाजायला लागली. डॉक्टर म्हणतात सवय होईल. तुला काहीतरी सांगायचंय तिला, सगळ्यांसमोर सांगायचंय म्हणत होती. रविवारी आत्याआजी, मामाआजोबा, सगळ्यांना जेवायला बोलावलंय त्याच्यासाठी. काय सांगायचंय ते मला नाही सांगितलं. काल दात आले तशी आरशासमोर बसून म्हणून बघत होती. 'सगळ्यांसमोर सांगते' एवढ्यावरच अडायची. तीनदा शिट्टी. रात्री चिडून दात काढून ठेवले, आणि मग बराच वेळ ते हातात घेऊन नुसती बघत बसली. आज घातलेत, पण तेव्हापासून गप्पच आहे."

दारं उघडली. तिघी आत जाऊन बसल्या, मधे ताई. दिवे गेले आणि सगळं थिएटर ओरडलं, टाळ्या पडल्या. पडद्यावर ती खाणावळ आली, ते टेबल, ते फडकं. बत्तीशीला त्यातलं काही दिसेना. ती पडद्याच्या उजेडात शेजारचा चेहरा बघत होती. मिटलेले ओठ, आत आपण बसवलेले दात, त्यांच्यामागे आपण चढवलेला नखाएवढा थर, आणि त्याच्याही मागे ते वाक्य. जन्मभर ज्याची वाट बघितली ते वाक्य तयार होऊन त्या तोंडात आलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं बूच मारलं होतं.

पडद्यावर मागचं दार वाजलं. थिएटरनं श्वास रोखला. बाई म्हणाली, या. दारात कोण होतं ते अख्ख्या थिएटरनं बघितलं, एकट्या बत्तीशीनं नाही. ती ताईच्या कानाशी वाकली होती.

"ताई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तो शब्द तोंडातून गेला नव्हता, घोगरा आला. "ताई, मी नीट करून देते. उद्याच देते. तू बोल. कशीही बोल, मी ऐकते."

ताईनं मान वळवली नाही. शेवटपर्यंत पडद्याकडेच बघत राहिली, रक्त आलं तरी डोळे न मिटता.

बाहेर आवारात उन्हात पोरंपोरी मोठमोठ्यानं भांडत होती, शेवट पटला, नाही पटला. भाची रिक्षा बघायला पुढे गेली. ताई पोस्टरपाशी थांबली. तिनं तोंडाला पदर लावला, मान खाली घातली, आणि कवळी काढून हातात घेतली. गाल आत गेले. एकदम आई दिसली तिच्यात, शेवटच्या आजारातली. मग तिनं बत्तीशीचा हात धरला, तळवा उघडला आणि कवळी त्यात ठेवली. ओली, कोमट.

"ट्रायलला नीट बोलत होते मी," बोळक्या तोंडातून शब्द फसफसत आले, पण एकेक कळला. "नंतर काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे."

"ताई, अगं—"

"एवढी वर्षं दात धरलात ना?" ताई म्हणाली. "धरा."

आणि ती रिक्षाकडे चालू लागली. भाचीनं लांबून "मावशी, ये ना" म्हणून हाक मारली, आईकडे बघितलं, पुन्हा मावशीकडे बघितलं, आणि रिक्षात बसली.

बत्तीशी कवळी हातात धरून उभी राहिली. कोरडी पडली की बिघडते, हे तिच्या हाताला आपोआप आठवलं. खाण्याच्या खिडकीवर जाऊन तिनं कागदी पेल्यात पाणी मागून घेतलं आणि कवळी त्यात सोडली. खिडकीतल्या पोरीनं तोंड वाकडं केलं. पर्समध्ये फोन थरथरत होता. मंडळ वेडंपिसं झालं होतं, ज्यांच्या गावात अजून लागला नव्हता ते सगळे तिच्यावर तुटून पडले होते. सगळ्यात वर कापूस. "बत्तीशीबाई, आता तरी सांगा! शेवटी माफ केलं, की घेतला सूड?"

तिला शेवट माहीत नव्हता. पेला खिडकीच्या फळीवर ठेवून तिनं एका बोटानं लिहिलं, "घेतला."

लगेच टाळ्यांवर टाळ्या यायला लागल्या.